गायरानास पडीक म्हणणारे कोण?

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या ग्रामसभेपुढे एक कागद आला. त्यात गावाच्या वरच्या माळाचा गट नंबर देऊन पुढे दोनच शब्द लिहिले होते : "जमीन पडीक". हा माळ सौरविजेच्या कामी देण्यास गावाची हरकत नाही, असा ठराव करून हवा होता. कागद वाचून दाखविण्याचे काम मास्तर म्हणून आमच्याकडे आले. वाचून संपते न संपते तोच मागे बसलेली एक धनगराची म्हातारी उठली व म्हणाली, "मास्तर, पडीक म्हंजी काय वो? माझी मेंढरं तितंच चरत्यात. चार लेकरं म्या त्याच माळावर वाढीवली. मग पडलंय काय तितं?" लोक हसले. पण म्हातारीच्या प्रश्नास उत्तर देणे ना ग्रामसेवकास साधले, ना आम्हास. ते उत्तर शोधता शोधता जे हाती आले, ते आज आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहो.

पडीक हा शब्द गवताचा नव्हे, साऱ्याचा आहे. इंग्रज सरकारने जमिनीची मोजणी केली ती सारा बसविण्यासाठी. जी जमीन सारा देई ती कामाची. जी देईना ती पडीक. मग तिच्यावर सबंध गावाची गुरे जगोत, नाहीतर मरोत. १८७८ साली जंगलचा कायदा झाला आणि डोंगर, दऱ्या व चराऊ राने सरकारजमा होऊ लागली. जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात या जंगलखात्याच्या जुलमाचे गाऱ्हाणे मांडले आहे. राज्य बदलले, साहेब गेला. पण साहेबाचा शब्द कचेरीतल्या दप्तरात तसाच बसून राहिला आहे.

आता पडीक म्हणविणारा हा माळ कसा आहे तो पाहा. पुणे जिल्ह्याचा पूर्वभाग, नगर, सोलापूर, सातारचा माणदेश, हा सारा अवर्षणाचा मुलूख. पाऊस वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर. कोठे तेवढाही नाही. खाली काळा पाषाण, त्यावर मुरूम, त्यावर चार बोटे माती. येथे मोठे झाड मुळातच विरळा. ही भूमी गवताचीच आहे. पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी ही गवते आषाढ-श्रावणात हिरवी होतात, दिवाळीला पिवळी पडतात आणि उन्हाळ्यात मेल्यासारखी दिसतात. पण मुळे जिवंत असतात. तीच माती धरून ठेवतात, तीच वाहते पाणी अडवून मुरवितात. माळाखालच्या विहिरीला जो पाझर लागतो तो फुकट येत नाही.

आम्ही शाळेतील मुलांना वही-पेन्सिल देऊन एका सकाळी माळावर नेले. "दिसेल ते लिहा" एवढेच सांगितले. दोन तासांत वह्यांची पाने भरली. चंडोल, माळटिटवी, धाविक ही पाखरे उघड्या जमिनीवर अंडी घालतात. त्यांना झाड नकोच असते. पखुर्डीची जोडी पायाशी येईपर्यंत दिसत नाही, इतका तिचा रंग मातीसारखा. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात, रात्री गवतातच भुईवर बसतात आणि दिवसभर नाकतोडे टिपतात. खोकड उंदीर खाते. म्हणजे शेतकऱ्याचे हे बिनपगारी राखणदारच नव्हेत काय? आणखी एक गंमत. गळ्याचा रंगीत पंखा उघडून मिरविणारा सरडा मुलांनी पाहिला. २०१६ साली शास्त्रज्ञांनी या सरड्यांच्या एका गटाला शास्त्रीय नाव दिले, ते आपल्या मराठी बोलीतलेच : 'सरडा'. ज्या माळावरच्या प्राण्याचे नाव जगाच्या शास्त्रात गेले, तो माळ आमच्या दप्तरी मात्र शून्य!

लांडग्याचे काय, असे कोणी विचारील. लांडगा मेंढरू नेतो हे खरे. परंतु जुना धनगर त्याला शिव्या देतो, तरी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच शेजारी वाडा लावून राहतो. लांडग्याने मेंढी मारली तर सरकारकडून भरपाई मिळते. पण रानोमाळ हिंडणाऱ्या माणसास पंचनामा करून घेणे किती जड जाते, हे कचेरीत बसून कळत नाही. हरणांचीही तीच कथा. काळविटासाठी १९८० साली कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे अभयारण्य झाले, ते अवघे २.१७ चौरस किलोमीटर. चिंकाऱ्यासाठी १९९७ साली सुप्याजवळ मयूरेश्वर झाले, ते ५.१४ चौरस किलोमीटर. बाकीची हरणे कोणाच्या जिवावर जगतात? गावच्या गायरानाच्या आणि शेतकऱ्याच्या उभ्या पिकाच्या. गायरान गेले की तीच हरणे रोज शेतात उतरतील.

माणसांचा हिशेब तर निराळाच आहे. दख्खनी मेंढी याच गवतावर वाढते, तिच्या लोकरीची घोंगडी सनगर विणतो. कुंभाराच्या भट्टीला शेणी लागतात, त्या येथूनच. मातंग बंधू दोरासाठी वाख काढतो तो माळाच्या कडेच्या घायपाताचा. ज्या विधवेला गुंठाभर जमीन नाही तिच्या दोन शेळ्या याच माळावर चरतात. ज्याला काहीच नाही त्याची ही इस्टेट.

या माळावर हल्ली दोन बाजूंनी घाला येतो. पहिला झाडांच्या नावाने. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात कोट्यवधी झाडे लावण्याची मोहीम झाली. हेतू चांगला, पण जेथे गवत हेच रान, तेथे खड्डे खणून गिरिपुष्प लावल्याने पुष्कळ ठिकाणी गवत गेले आणि झाडही जगले नाही. दुसरा घाला सौरपट्ट्यांचा. येथे आम्ही जपून बोलतो. रात्री बारा वाजता थंडीत, साप-विंचवात दारे धरणे काय असते हे आम्हास ठाऊक आहे. दिवसा वीज शेतकऱ्यास मिळालीच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच, की शाळा, गोदामे व बाजार समित्यांची छपरे, कालव्यांचे काठ, सोडून दिलेल्या खाणी आधी पाहा. गरिबाचे कुरण शेवटी पाहा. आज क्रम नेमका उलटा आहे, कारण गायरानास विचारणारा धनी नाही.

कोणी म्हणेल, भूमिहीनांचे काय? प्रश्न रास्त आहे. १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी त्यांच्या जमिनीसाठी देशभर सत्याग्रह केला, आणि ती मागणी न्यायाची होती व आहे. परंतु पोटासाठी दोन एकर कसणारा भूमिहीन आणि रातोरात कुंपण घालून प्लॉट पाडणारा पुढारी यांना एकाच मापाने मोजू नये. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यास सर्व राज्यांना सांगितले, तेव्हा भूमिहीनांना व अनुसूचित जातिजमातींना पूर्वी सरकारने दिलेल्या जमिनींचा अपवाद सुचविला होता. हे गावोगाव वाचून दाखविले पाहिजे.

माळ राखायचा म्हणजे पुन्हा साहेबाच्या स्वाधीन करायचा, असे मात्र नव्हे. १९७९ साली सोलापूर व नगर जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, शेते, घरे सगळीच सापडली. जमिनीच्या व्यवहारास अडचणी आल्या आणि लोक पक्ष्यावरच चिडले. पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. आज नान्नजच्या माळावर माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. लोकांना न विचारता कागदावर रेघ ओढली, तेथे पक्षीही वाचला नाही आणि शेतकरीही सुखी झाला नाही.

तेव्हा बांधवहो, काम आपलेच आपण करावे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीत एक नोंदवही असावयाची आहे. तीत आपल्या माळावरचे गवत, पाखरे, जनावरे आणि त्यावर जगणारी घरे नावानिशी लिहून घ्या. माळाचा एक भाग पावसाळाभर बंद ठेवा, बी झडल्यावर गवत कापा, पाळीपाळीने चारा. वणवा लावू नका. आणि ग्रामसभेस जा. बायकांना न्या, धनगरांना न्या. जो हजर नसतो त्याचीच जमीन पडीक ठरते.

आमच्या गावचा ठराव त्या दिवशी तहकूब झाला. पुढची सभा येत्या पौर्णिमेनंतर आहे. मुलांच्या वह्या आम्ही सभेपुढे ठेवणार आहो. म्हातारीने येण्याचे कबूल केले आहे.

— एक खेडवळ मास्तर