शेतकऱ्याची बंदूक आणि निवडणुकीचे दिवस

निवडणूक जाहीर होते, आचारसंहिता लागू होते आणि पाठोपाठ जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतून आदेश निघतो की, परवानाधारकांनी आपापली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावीत. मतदान निर्भय वातावरणात पार पडावे, हा त्यामागील हेतू स्तुत्यच आहे. परंतु या आदेशाचा भार प्रत्यक्षात कोणावर पडतो, याचा विचार फारसा होताना दिसत नाही. सत्तरी, सांगे, काणकोण, धारबांदोडा या रानाला खेटून असलेल्या तालुक्यांतील शेतकऱ्याची तक्रार दर निवडणुकीला कानी येते. बंदूक ठाण्यात आणि रानडुक्कर शेतात, अशी त्याची अवस्था होते. ही तक्रार रास्त आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बंदुकीचे गोडवे गाण्याची आम्हांला मुळीच हौस नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर सालाझारशाहीने गोळ्या झाडल्या, ते रक्त ज्या सीमेवर सांडले त्या सीमेच्या आतील आम्ही माणसे आहोत. अमेरिकेने १७९१ साली शस्त्र बाळगण्याच्या हक्काला घटनेत स्थान दिले आणि त्याचे पडसाद तिथल्या शाळांपर्यंत आजही ऐकू येतात. आपल्याकडे लॉर्ड लिटनच्या राजवटीने १८७८ च्या कायद्यान्वये देशी जनतेला निःशस्त्र केले. त्या अपमानाची आठवण ताजी होती म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामथ यांनी घटना समितीत त्यासाठी दुरुस्ती सुचविली. समितीने ती फेटाळली. तो निर्णय शहाणपणाचाच होता. या देशात बंदूक हा हक्क नाही, ती परवान्याने मिळणारी सवलत आहे, आणि ती तशीच राहावी.

मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानेच बंदुकी-बंदुकींत फरक केला आहे, याचा विसर पडता कामा नये. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ती अपुरी पडत असल्याची खात्री पटल्यास वीस इंचांहून कमी लांबीची नळी नसलेली साध्या नळीची बंदूकही देता येईल, अशी तरतूद त्यात आहे. हौशी मंडळींची गोष्ट निराळी. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली 'निर्भीक' हे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, त्याची किंमतच लाखाच्या वर होती. अशा हौसेला आवर घालण्यासाठी संसदेने २०१९ मध्ये एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि लग्नावरातींत बेफिकिरीने बार काढणाऱ्यांस दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण वरातीतले पिस्तूल आणि माळ्यावरची ठासणीची बंदूक एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे.

आता निवडणुकीचे पंचांग पाहा. २०२२ ची विधानसभा निवडणूक ८ जानेवारीला जाहीर झाली आणि मतमोजणी १० मार्चला झाली. हे वायंगणी पिकाचे दिवस. त्याच वर्षी १० ऑगस्टला पंचायतींचे मतदान झाले, तेव्हा शेतात पावसाळी भात उभे होते. २०२४ च्या लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला लागले. म्हणजे काजूचा अवघा हंगाम तीत गेला. लोकशाहीचा उत्सव मतदाराच्या पोटावर पाय देऊन साजरा व्हावा काय?

याहून नवलाची गोष्ट अशी की, सरसकट जमा करण्याची सक्ती कायद्यालाही मान्य नाही. गोव्यातूनच गेलेल्या एका प्रकरणात २००९ साली मुंबई उच्च न्यायालयाने सरसकट आदेशांना आक्षेप घेतला आणि प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार छाननी समितीने करावा, असे सांगितले. निवडणूक आयोगाच्या सूचनाही त्याच धर्तीच्या आहेत. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत गुंतलेले, यांच्या परवान्यांची तपासणी व्हावी असे त्या सांगतात. क्रीडानेमबाज आणि बँकांचे पहारेकरी यांना सहसा सूट मिळते. मग ज्याच्या नावावर एकही गुन्हा नाही, त्या कुळागरवाल्याने कोणते पाप केले? छाननीचे कष्ट वाचावेत म्हणून सर्वांनाच संशयित ठरविणे, हा कारभाराचा आळस झाला.

शेतकऱ्यांनाही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. पीकरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीस बंदी आहे. पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकरालाही वन्यजीव अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीवाचून मारता येत नाही. गवा तर आपल्या राज्याचा मानबिंदू. तो शेतात शिरला तरी त्याला हुसकावून लावावे, त्याच्यावर नेम धरू नये. परवान्यावर एका वेळी बाळगायच्या आणि वर्षभरात घ्यायच्या काडतुसांची संख्या लिहिलेली असते. त्यांचा हिशेब चोख ठेवला, तर संशयाला जागाच उरणार नाही. रात्रीच्या जेवणातल्या मटणासाठी एकाने काढलेला बार गावातल्या सर्वांच्या परवान्यांवर उलटतो, हे विसरू नये.

आमची मागणी साधी आहे. मामलेदार व पोलीस यांनी मिळून पीकरक्षणाच्या परवान्यांची स्वतंत्र यादी निवडणुकीआधीच तयार करावी. ज्याच्याविरुद्ध ठोस कारण आहे, त्याचीच बंदूक त्याला लेखी कारण देऊन जमा करून घ्यावी. ज्यांच्या बंदुका तरीही घेतल्या जातील, त्यांच्या पिकाची त्या काळात झालेली नासाडी भरून देण्याची जबाबदारी सरकारने पत्करावी. रानडुकराला आचारसंहिता लागू होत नाही. सरकारला मात्र न्यायालयाचा निर्णय लागू होतो. पुढची निवडणूक जाहीर होण्यापूर्वीच संबंधितांनी तो एकदा वाचून काढावा.