सिस्टर एडी बर्निस

रात्रपाळी संपवून सकाळच्या गाडीने घरी येणाऱ्या आणि डोळ्यांवर झोप असतानाच मुलांचे डबे भरणाऱ्या आमच्या ज्या भगिनी आहेत, कुणी सिस्टर, कुणी आयाबाई, कुणी वॉर्डातल्या कामगार, त्यांनी आजचे सदर जरूर वाचावे. वेळ नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुलीकडून वाचून घ्यावे. अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय नर्सची ही हकिकत आहे. सोळा वर्षे तिने सरकारी इस्पितळात नोकरी केली. मग ती आमदार झाली आणि पुढे तीस वर्षे अमेरिकेच्या संसदेत बसली. तिचे नाव एडी बर्निस जॉन्सन.

टेक्सास राज्यात वेको नावाचे शहर आहे. तेथे ३ डिसेंबर १९३५ रोजी तिचा जन्म झाला. हे वेको कसले गाव, ते आधी सांगितले पाहिजे. तिच्या जन्माआधी एकोणीस वर्षे, १९१६ च्या मे महिन्यात, जेसी वॉशिंग्टन नावाच्या सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय पोराला जमावाने न्यायालयातून ओढून नेले आणि हजारो लोकांच्या देखत भर गावात जाळून मारले. त्या प्रसंगाची छायाचित्रे पोस्टकार्डांवर छापून विकली गेली. अशा गावात मुलगी वाढवताना आईबाप तिला काय काय सांगत असतील आणि काय सांगायचे टाळत असतील, हे आमच्या वाचकांना फोड करून सांगायला नको.

मुलगी हुशार होती. तिला डॉक्टर व्हायचे होते, पण मुलीच्या जातीने नर्स व्हावे, असा सल्ला तिला शाळेत मिळाला. बरे, नर्स तरी कुठे व्हायचे? टेक्सासातल्या चांगल्या, मान्यताप्राप्त नर्सिंग शाळांची दारे काळ्या मुलींना बंद. तेव्हा १९५२ साली शाळा संपवून ही कोवळी पोर घरापासून सुमारे हजार मैल दूर, इंडियाना राज्यातल्या सेंट मेरीज कॉलेजात गेली. तेथून १९५६ साली नर्सिंगचे प्रमाणपत्र घेऊन ती टेक्सासात परतली.

आता जे घडले ते नीट ऐका. डॅलस शहरात माजी सैनिकांचे सरकारी इस्पितळ होते. तेथे तिने अर्ज केला. सगळा व्यवहार टपालाने झाला. शिक्षण उत्तम, कागदपत्रे चोख, नोकरी पक्की झाली, नर्सेसच्या वसतिगृहात खोलीही देऊ केली. बाई सामान घेऊन दारात उभी राहिली तेव्हा साहेबलोकांना कळले की आपण नेमलेली नर्स काळी आहे. नोकरी तर काढून घेता येईना. खोली काढून घेतली. राहण्याची सोय तुझी तू बघ, असे झाले.

एवढ्यावर भागले नाही. ती एखाद्या रोग्याच्या खोलीत जाणार असली की तिच्याआधी वरिष्ठांपैकी कुणीतरी आत जाई आणि रोग्याला सांगे की आता येणारी नर्स शिकलेली आहे, पात्र आहे. म्हणजे गोरी नर्स आली तर ती नर्स. काळी आली तर ती नर्स आहे हे आधी पटवून द्यायचे! हातात औषधाचा ट्रे घेऊन दाराबाहेर उभी असलेली ती वीस वर्षांची मुलगी आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरी सोडून घरी जावे असे तिच्याही मनात आले होते. ती गेली नाही.

सोळा वर्षे राहिली. लढायांवरून परतलेल्या सैनिकांत डोके बिघडलेले, रात्री किंचाळून उठणारे पुष्कळ असत. अशा मनोरुग्णांच्या विभागाची ती मुख्य परिचारिका झाली. त्या इस्पितळात हे पद मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय. नोकरी चालू असतानाच तिने १९६७ साली टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीची नर्सिंगची पदवी मिळवली. लग्न झाले होते, एक मुलगा होता. १९७० साली घटस्फोट झाला. ड्युटी, पोर आणि परीक्षा एकाच वेळी सांभाळणे म्हणजे काय, हे आमच्या भगिनींना विचारावे, पुरुष वाचकांनी नुसती मान डोलवू नये.

इस्पितळाबाहेरचे डॅलसही तसेच. मोठ्या दुकानांत काळ्या बायकांचे पैसे चालत, पण कपडे किंवा हॅट अंगावर, डोक्यावर घालून बघायची मुभा नसे. त्यांनी घातलेली वस्तू मग गोरी गिऱ्हाईक घेणार नाही, हे कारण! विटाळ हा शब्द इंग्रजीत नाही म्हणतात, पण वस्तू आहे. एडी बर्निसने सुमारे पन्नास कृष्णवर्णीय बायका गोळा केल्या आणि अशा दुकानांत खरेदी बंद केली. मोर्चा नाही, भाषण नाही, पर्स उघडायची नाही एवढेच. तिच्या राजकारणाची सुरुवात येथून धरावी असे आम्हांला वाटते.

आणि आता जरा किचकट भाग आहे, पण तो वगळून पुढे गेलो तर ही हकिकत नशिबाची गोष्ट होईल. १९७२ साली एडी बर्निस टेक्सासच्या विधानसभेवर निवडून आली. डॅलसमधून निवडून आलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. त्याआधी कुणी हुशार बाई झालीच नव्हती काय? तसे नव्हे. डॅलस काउंटी, म्हणजे एक मोठा जिल्हाच म्हणा, तेथून अठरा आमदार निवडले जात आणि त्या अठराही जणांना सगळ्या जिल्ह्याने मते द्यायची. काळे लोक शहराच्या एका बाजूला दाटीने राहत. त्यांच्या वस्तीने एकजुटीने मत दिले तरी सगळ्या जिल्ह्याच्या गोऱ्या मतांत ते विरघळून जाई. शिवाय उमेदवारांची यादी ठरवणारी गोऱ्यांची संघटना होती. तिने बोट ठेवले तोच निवडून यायचा. गुलामगिरी संपल्यानंतरच्या सुमारे शंभर वर्षांत त्या जिल्ह्यातून अवघे दोन कृष्णवर्णीय आमदार झाले होते. मताचा हक्क कागदावर असून माणूस निवडून आणता येत नाही, हे दुखणे काय आहे ते या साप्ताहिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पुणे कराराची चर्चा आपल्या घरांतून तीन पिढ्या चालत आली आहे.

या पद्धतीविरुद्ध लोक न्यायालयात गेले. १९७२ च्या जानेवारीत तीन न्यायाधीशांच्या न्यायालयाने निकाल दिला की डॅलसचे तुकडे करून एका आमदाराला एक मतदारसंघ असे करा. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्या निकालाने जे नवे मतदारसंघ झाले त्यांपैकी एकातून एडी बर्निस उभी राहिली. ती केंद्र सरकारची नोकर, म्हणून निवडणूक लढवायची तर नोकरी सोडणे भाग होते. सोळा वर्षांची पक्की सरकारी नोकरी, पदरी मुलगा, घरात दुसरा मिळवता नाही. आपल्याकडे अशा वेळी सगळे नातेवाईक गोळा होऊन समजूत घालतात. तिने राजीनामा दिला.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. विधानसभेत कामगारविषयक समितीची ती अध्यक्ष झाली. १९७७ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तिला आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याची विभागीय संचालक नेमले. १९८६ साली राज्याच्या सिनेटवर निवडून आली. १९९२ साली अमेरिकेच्या संसदेवर. तिथल्या संसदेला काँग्रेस म्हणतात, आपल्याकडच्या पक्षाशी गल्लत नको. प्रशिक्षित, नोंदणीकृत नर्स अमेरिकेच्या संसदेत निवडून आल्याची ही पहिलीच वेळ होती.

या संसदेच्या मतदारसंघाचीही गंमत आहे. राज्य सिनेटमध्ये असताना मतदारसंघांच्या हद्दी आखणाऱ्या समितीचे काम बाईंकडे होते. डॅलसच्या कृष्णवर्णीय वस्त्यांना धरून तिसाव्या क्रमांकाचा मतदारसंघ आखला गेला आणि मग त्याच तेथून उभ्या राहिल्या. टीका झाली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. त्या मतदारसंघाचा नकाशा एखाद्या कोळ्याने पाय पसरावेत तसा दिसे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द ठरवला, रंग पाहून हद्दी आखल्या म्हणून. शंभर वर्षे रंग पाहूनच काळ्यांना बाहेर ठेवले तेव्हा हा नियम कोठे गेला होता, असे कुणी विचारले तर आमच्याजवळ उत्तर नाही. हद्दी बदलल्या, त्याच वर्षी पुन्हा निवडणूक झाली आणि जॉन्सनबाई नव्या हद्दींतही निवडून आल्या. मग २०२३ पर्यंत त्यांना कुणी हलवू शकले नाही.

२००२ साली इराकवरील युद्धाला परवानगी देण्याचा ठराव आला तेव्हा त्यांनी विरोधात मत दिले. सैनिकांच्या मनाची युद्धानंतर काय दशा होते हे भाषणांतून नव्हे, खाटेजवळ उभे राहून पाहिलेल्या खासदार संसदेत किती असतील? नर्सच्या पेशाला राष्ट्रीय पातळीवर मान मिळावा म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. २०१९ साली त्या संसदेच्या विज्ञान समितीच्या अध्यक्ष झाल्या. त्या खुर्चीवर बसलेली पहिली स्त्री आणि पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. डॉक्टर होऊ नको म्हणून जिला सांगितले गेले, तिच्यापुढे शास्त्रज्ञ साक्षीला येऊ लागले. डॅलसच्या मध्यवर्ती रेल्वे स्टेशनला २०१६ साली, त्या हयात असतानाच, त्यांचे नाव देण्यात आले.

एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नव्हे. २०१० साली उघड झाले की कृष्णवर्णीय खासदारांच्या संस्थेतर्फे मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या बाईंनी आपल्या दोन नातवांना, भावंडांच्या दोन नातवांना आणि आपल्या एका कर्मचाऱ्याच्या मुलांना वाटल्या होत्या. नातलगांना देऊ नये असा संस्थेचा नियमच होता. आपण नकळत नियम मोडला असे त्या म्हणाल्या आणि ३१ हजार डॉलरहून अधिक रक्कम त्यांनी परत भरली. आम्हांला हे वाचून वाईट वाटले. त्या पैशांवर ज्या मुलामुलींचा हक्क होता त्यांच्यातही एखादी वेकोची हुशार पोर असेल, जिला हजार मैल दूर शिकायला जायचे असेल. पैसे परत आले, पण त्या मुलांची गेलेली वर्षे परत आली नसतील. मतदारांनी मात्र त्यांना पुढेही निवडून दिले.

जानेवारी २०२३ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्याच वर्षी त्यांच्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली आणि नंतरच्या उपचारांसाठी त्यांना एका केंद्रात ठेवण्यात आले. ऑक्टोबरमध्ये मुलगा भेटायला गेला तेव्हा त्या घाणीत पडलेल्या होत्या आणि वेदनेने ओरडत होत्या, मदतीसाठी हाका मारूनही कोणी आले नव्हते, त्यातूनच शस्त्रक्रियेच्या जखमेत जंतू शिरले, असा आरोप कुटुंबीयांनी जानेवारी २०२४ मध्ये जाहीरपणे केला. ३१ डिसेंबर २०२३ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, सिस्टर एडी बर्निस जॉन्सन डॅलसमध्येच वारल्या.