सतरंजीच्या कडेला बसलेले मूल

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड व शहापूर तालुक्यांतील अंगणवाड्यांत महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी मुले एकाच सतरंजीवर बसतात. सरकारदप्तरी ती सारी अनुसूचित जमातींच्या एकाच रकान्यात मोडत असली, तरी त्या सतरंजीच्या कोणत्या कडेला आपण बसावयाचे, हे चार वर्षांच्या कातकरी मुलाला कोणी न सांगताच उमगलेले असते. ‘लहान मुलांना जातपात कळत नाही’ हे आपल्या बालशिक्षणाच्या व्यवसायातील समाधानी वाक्य आम्हांस म्हणूनच मान्य नाही.

अमेरिकेत केनेथ व मेमी क्लार्क या दांपत्याने १९४०च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय बालकांपुढे रंगाखेरीज सर्वथा सारख्या बाहुल्या ठेवल्या, तेव्हा बहुसंख्य बालकांनी गोरी बाहुली पसंत केली, आणि ‘तुझ्यासारखी कोणती?’ असे विचारताच काहींना रडू कोसळले. आपल्याकडे ही परीक्षा आहाराच्या वेळी होते. काल घरी काय रांधले, या प्रश्नाला खेकडे किंवा शेतातला उंदीर असे खरे उत्तर यावे आणि सेविकेच्या कपाळावर आठी उमटावी, की पुढच्या खेपेस ते मूल वरणभात सांगते. आईच्या चुलीची लाज त्याने त्या एका आठीवरून शिकलेली असते. घरची कातकरी बोलीही ते असेच गिळून टाकते, आणि मग ‘हे मूल बोलतच नाही’ असा शेरा आपण मारतो.

दिवाळीनंतर, मालकाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी, कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, आणि हजेरीपटावर मुलाच्या नावापुढे गैरहजेरी तेवढी उरते. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, गुरांमागे ते कुरणात गेले तर कुरणातच शाळा भरवावी, हा न्याय ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या याच ठाणे जिल्ह्यात, १९४५ पासून बोर्डीस व पुढे कोसबाडच्या टेकडीवर, आचरून दाखविला होता. खडे, शिंपले, बिया अशा मुलांच्या परिचयाच्या वस्तूंनाच त्यांनी शिक्षणसाधनांचा मान दिला. तो वारसा सांगणाऱ्या आपणांस भट्टीवर राहून आलेल्या मुलाचे अनुभव निरुपयोगी वाटावेत, हे आम्हांस अक्षम्य वाटते.

तेव्हा सेविकाभगिनींस आमची आग्रहाची विनंती अशी, की येत्या पावसाळ्याच्या तोंडावर कुटुंबे परतताच वाडीतील एखाद्या कातकरी आजीस अंगणवाडीत सन्मानाने बोलवावे, तिची गोष्ट तिच्याच बोलीत सर्व मुलांना ऐकवावी, आणि तिच्या नातवंडास सतरंजीच्या मध्यभागी बसवावे.