पहिला घोट सिस्टरसमोर

अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसाला वॉर्डात आणले, की खाटेशी बसलेल्या नातेवाइकाचा हात आधी पाण्याच्या बाटलीकडे जातो. घसा सुकला असेल, चमचाभर तरी द्यावे, ही त्यामागची माया. पण तोंड वाकडे झालेले असते तेव्हा गिळण्याचे स्नायूही अनेकदा साथ देत नाहीत. पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते. काहींना तर साधा ठसकाही लागत नाही. मग ताप चढतो, छाती भरते आणि झटक्यातून वाचलेला माणूस न्यूमोनियाने दगावतो.

हे टाळणारी तपासणी काही मिनिटांची आहे आणि तिला यंत्र लागत नाही. रुग्ण पुरता जागा आहे, हे पाहून सिस्टर त्याला ताठ बसवते, चमचाभर पाणी देते, गळ्यावर बोटे ठेवून घोट उतरतो का ते पाहते आणि त्याला स्वतःचे नाव सांगायला लावते. आवाज घोगरा, ओलसर आला किंवा खोकला आला, तर तोंडाने काहीही द्यायचे नाही.

या कामाचे मोल मोजले गेले आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील 19 पक्षाघात कक्षांत सँडी मिडलटन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2011 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. पहिले 3 दिवस ताप, रक्तातली साखर आणि गिळणे या तीन गोष्टींवर परिचारिकांनी ठरलेल्या पद्धतीने लक्ष ठेवायचे, एवढाच तो उपाय. 90 दिवसांनी मरण पावलेल्या किंवा परावलंबी झालेल्या रुग्णांचे प्रमाण हा उपाय झालेल्या कक्षांत 42 टक्के होते. जिथे ही पद्धत नव्हती तिथे 58 टक्के. कोणतेही नवे औषध न देता पडलेला हा फरक आहे!

आपल्याकडची चर्चा मात्र झटक्यानंतर साडेचार तासांत द्यायच्या, रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनपाशीच थांबते. ते मिळालेच पाहिजे. पण उशिरा पोचलेल्याला आणि मेंदूत रक्तस्राव झालेल्याला ते देता येत नाही. शुश्रूषा मात्र प्रत्येकाला लागते.

ती करणार कोण? रात्रपाळीला एकच सिस्टर आणि समोर भरलेला वॉर्ड असेल, तर दर दोन तासांनी कूस बदलणे कागदावरच राहते आणि पाठीला जखमा होतात. मग सारे नातेवाइकांवर येते. लुळ्या हाताला धरून रुग्णाला उठवले जाते आणि खांदा कायमचा दुखावतो. कुटुंबीयांना शिकवून घरीच पुनर्वसन करण्याचा प्रयोग भारतातल्या 14 रुग्णालयांतील 1,250 रुग्णांवर झाला. 2017 मध्ये त्याचा निष्कर्ष आला: सहा महिन्यांनी असे पुनर्वसन मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही गटांत मृत्यू किंवा परावलंबित्व 47 टक्केच. सगळा भार घरच्यांवर टाकून भागेल, असे मानणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पक्षाघातासाठी वेगळ्या खाटा आणि तिन्ही पाळ्यांत प्रशिक्षित परिचारिका हव्यात. रिक्त पदे भरण्याचे काम सरकारचे आहे आणि ते आणखी लांबवता येणार नाही. नातेवाइकांनीही एवढे करावे: भरवायचे कसे, कूस बदलायची कशी, उठवून बसवायचे कसे, हे सिस्टरने समोर करून दाखवल्याशिवाय रुग्णाला घरी नेऊ नये.