विश्लेषण : नवजात अतिदक्षता कक्षात कोणता व्हॅक्यूम क्लीनर चालेल?

अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना काचेच्या पेटीत ठेवून जपणाऱ्या कक्षात स्वच्छतेबाबत तडजोड चालत नाही. मात्र धूळ काढणारे यंत्रच कर्कश आवाज करत असेल आणि ओढून घेतलेली बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा हवेत सोडत असेल, तर स्वच्छतेचाच बाळाला त्रास होतो. कोट्यवधींची उपकरणे घेताना बारकाईने अटी घालणारी रुग्णालये व्हॅक्यूम क्लीनर मात्र ‘किरकोळ साहित्य’ म्हणून घेतात. हे यंत्र निवडताना काय पाहायचे, निविदेत काय लिहायचे आणि मुळात ते कक्षात कुठे वापरायचे, याचा हा आढावा.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आवाजाचा त्रास का होतो?

गर्भाची श्रवणयंत्रणा साधारण २५व्या आठवड्यापासून आवाजाला प्रतिसाद देऊ लागते. आईच्या पोटात असताना स्नायू आणि गर्भजलामुळे बाहेरचे, विशेषतः तीव्र स्वराचे आवाज बोथट होऊनच बाळापर्यंत पोहोचतात. २८व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचे हे संरक्षण एकाएकी जाते. मोठा आवाज झाला की असे बाळ दचकते, हृदयाचे ठोके बदलतात, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण घसरू शकते, काही वेळा श्वास क्षणभर थांबतो. झोपमोड होते ती वेगळीच आणि या वयात मेंदूची वाढ मोठ्या प्रमाणावर झोपेतच होत असते. पाच दिवसांहून अधिक काळ अतिदक्षता कक्षात राहणे हा श्रवणदोषाच्या जोखमीचा एक निकष मानला जातो. त्यामागे जंतुसंसर्ग, कावीळ, जेंटामायसिनसारखी औषधे अशी अनेक कारणे असतात. आवाज हा त्यातला एक घटक आहे, पण तो कमी करणे रुग्णालयाच्या हातात असते.

आवाजाची मर्यादा किती?

अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने १९९७ मध्येच नवजात अतिदक्षता कक्षातील ४५ डेसिबेलपेक्षा जास्त आवाज चिंतेचा असल्याचे म्हटले होते. अशा कक्षांच्या रचनेसाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी शिफारशींमध्येही तासाची सरासरी ४५ डेसिबेल आणि क्षणिक कमाल ६५ डेसिबेल हे आकडे दीर्घकाळ प्रमाण राहिले. आपल्याकडे ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबेल ही मर्यादा आहे. मात्र हा नियम बाहेरच्या आवाजासाठी आहे. कक्षाच्या आत चालणाऱ्या यंत्राला तो आवरत नाही.

घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज सर्वसाधारणपणे ७० ते ८० डेसिबेल असतो. कमी आवाजाची म्हणून विकली जाणारी यंत्रेही बहुधा ५५ ते ६५ च्या दरम्यान असतात. म्हणजे ४५ डेसिबेलच्या आत चालणारा व्हॅक्यूम क्लीनर प्रत्यक्षात मिळणे जवळपास अशक्य आहे. त्यामुळे क्षणिक कमाल आवाज किती जातो आणि यंत्र किती मिनिटे, कुठे चालते, यावरच सारे अवलंबून राहते.

दहा डेसिबेलने काय फरक पडतो?

डेसिबेलची पट्टी साधी बेरीज-वजाबाकीची नाही. दहा डेसिबेल वाढले की ध्वनिऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. कक्षात एरवी ४५ डेसिबेलची शांतता आहे असे धरू. बाळापाशी ७० डेसिबेल आवाज देणारे यंत्र दहा मिनिटे चालवले, तर त्या तासाची सरासरी ६२ च्या आसपास जाते. वेळ निम्मी केली तरी सरासरी जेमतेम तीन डेसिबेलने उतरून ५९ वर येते. ६० डेसिबेलचे यंत्र मात्र पूर्ण दहा मिनिटे चालवूनही सरासरी ५३ च्या आसपास राहते. ‘लवकर उरकून टाका’ या सूचनेपेक्षा मुळात शांत यंत्र घेणे जास्त उपयोगी ठरते, ते यामुळे. शांत यंत्र आणि कमी वेळ या दोन्ही गोष्टी जमल्या तर उत्तमच.

‘बाळ पेटीत आहे, त्याला काय ऐकू येणार’ हा समजही खरा नाही. पेटी तीव्र स्वर काही प्रमाणात अडवते, पण मोटरची खालच्या पट्टीतली घरघर आत पोहोचते. शिवाय पेटीचा स्वतःचा पंखा असतोच. आंतरराष्ट्रीय मानकानुसार इन्क्युबेटरच्या आत नेहमीच्या वापरात ६० डेसिबेलपर्यंत आवाज चालतो. बाहेरच्या आवाजाची त्यात भर पडते.

माहितीपत्रकावरचा आकडा कसा वाचावा?

खरेदीत सर्वाधिक फसगत इथे होते. कंपन्या दोन वेगळे आकडे देतात. ध्वनिशक्ती म्हणजे यंत्रातून एकूण किती आवाज बाहेर पडतो ते. ध्वनिदाब म्हणजे ठरावीक अंतरावर कानाशी किती आवाज पोहोचतो ते. मोकळ्या जागेत जमिनीवर ठेवलेल्या ७० डेसिबेल ध्वनिशक्तीच्या यंत्राचा एक मीटरवरचा ध्वनिदाब ६२ च्या आसपास भरतो. यंत्र तेच असले तरी आकड्यात आठचा फरक दिसतो. एका कंपनीचा ‘६२’ आणि दुसरीचा ‘७०’ शेजारी ठेवून पहिली शांत ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे.

त्यातही कंपनीचे मोजमाप प्रयोगशाळेतले असते. कक्षातल्या गुळगुळीत फरशा, टाइल लावलेल्या भिंती आणि काचा आवाज परतवतात, त्यामुळे प्रत्यक्षात तो जास्त भरतो. ‘इको मोड’मधला आकडा ठळक छापून पूर्ण ताकदीवरचा आकडा गाळला जातो, तोही प्रकार आहेच. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०१७ पासून व्हॅक्यूम क्लीनरच्या ध्वनिशक्तीला ८० डेसिबेलची, तर ओढलेली धूळ परत हवेत सोडण्याच्या प्रमाणाला एक टक्क्याची कमाल मर्यादा घातली. मात्र ही मर्यादा बाजारात येण्यासाठीची किमान पात्रता आहे. ‘युरोपीय मानकानुसार’ एवढ्या उल्लेखावर नवजात कक्षासाठी यंत्र घेता येणार नाही.

धुळीचा धोका नेमका कोणता?

रुग्णालयातली धूळ म्हणजे नुसती माती नसते. त्यात दुपट्यांचे, कापसाचे तंतू, माणसाच्या त्वचेचे कण, जिवाणू आणि बुरशीचे बीजाणू असतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा पातळ असते, फुप्फुसे कच्ची असतात आणि प्रतिकारशक्ती तोकडी. अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे बीजाणू सुमारे दोन ते साडेतीन मायक्रॉनचे असतात. साध्या कापडी पिशवीतून ते आरपार जातात आणि यंत्राच्या झोतासोबत खोलीभर पसरतात.

ही भीती काल्पनिक नाही. ‘थोरॅक्स’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या मुलांच्या वॉर्डातील अ‍ॅस्परजिलस संसर्गाचा माग काढताना दूषित व्हॅक्यूम क्लीनर हा एक स्रोत आढळला होता. अमेरिकेच्या रोग नियंत्रण आणि प्रतिबंध केंद्रांनी, म्हणजे सीडीसीने, २००३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जोखमीच्या रुग्णांच्या भागात हेपा गाळणी असलेलेच व्हॅक्यूम क्लीनर वापरावेत आणि बाहेरच्या मार्गिकेत ते चालू असताना अशा रुग्णांच्या खोल्यांची दारे बंद ठेवावीत, असे सांगितले आहे.

एकदा उडालेली धूळ लगेच बसतही नाही. नवजात कक्षात तासाला किमान सहा वेळा हवा बदलली जावी अशी शिफारस आहे. तेवढी हवा बदलूनही हवेतले ९९ टक्के कण निघून जायला सुमारे ४६ मिनिटे लागतात. जिथे नुसता स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो, तिथे याहून जास्त वेळ लागणार.

‘हेपा’ असे लिहिलेले पुरेसे आहे का?

नाही. युरोपीय मानकानुसार एच-१३ दर्जाची गाळणी सर्वात अवघड आकाराचे ९९.९५ टक्के कण अडवते, एच-१४ दर्जाची ९९.९९५ टक्के. म्हणजे दहा हजार कणांमागे पहिलीतून पाच निसटतात, दुसरीतून एकही नाही म्हटले तरी चालेल. अमेरिकी व्याख्येत ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडणे अपेक्षित आहे. ‘हेपा टाइप’, ‘हेपासारखी’ या शब्दांना मात्र कोणतेही मानक नाही.

गाळणी उत्तम असूनही यंत्राच्या सांध्यांतून, झाकणाच्या रबरातून हवा गळत असेल तर उपयोग शून्य. त्यामुळे गाळणीच्या प्रमाणपत्राबरोबर संपूर्ण यंत्राच्या हवाबंदपणाची चाचणी मागायला हवी. धूळ साठवण्यासाठी पारदर्शक डबा दिसायला सोयीचा असला, तरी तो रिकामा करताना धूळ उडते. आपोआप तोंड बंद होणारी, एकदाच वापरायची पिशवी नवजात कक्षासाठी जास्त सुरक्षित. झोत जमिनीकडे न सोडता गाळणीतून वर किंवा बाजूला हळू सोडणारी रचनाही पाहावी, नाहीतर यंत्र पुढची धूळ ओढते आणि मागची उडवते.

मग व्हॅक्यूम क्लीनर हवाच कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. बाळांच्या पेट्यांजवळची रोजची स्वच्छता ओल्या मॉपने आणि दमट मायक्रोफायबर कापडानेच व्हायला हवी. त्यात आवाज नाही आणि धूळही उडत नाही. कोरडा झाडू मात्र या कक्षात नकोच. झाडूने धूळ निघण्यापेक्षा जागा बदलते.

व्हॅक्यूम क्लीनरची खरी गरज ओले कापड पोहोचत नाही तिथे असते : हवा येण्या-जाण्याच्या जाळ्या, एसीचे फिल्टर, खिडक्यांचे रूळ, उपकरणांच्या मागच्या फटी, कपडे बदलण्याची खोली, बाहेरची मार्गिका आणि दुरुस्तीच्या कामानंतरची जागा. यातली बहुतेक कामे बाळे नसलेल्या जागेत किंवा एखादा कप्पा रिकामा झाल्यावर करता येतात. रक्त किंवा शरीरद्रव सांडले असेल, थर्मामीटर फुटून पारा पडला असेल, तर व्हॅक्यूम क्लीनर अजिबात लावू नये. पाऱ्याची वाफ हवेत पसरते आणि यंत्र कायमचे दूषित होते.

नवी इमारत बांधली जात असेल तर मध्यवर्ती व्हॅक्यूम यंत्रणेचाही विचार करता येतो. तिची मोटर आणि धूळ साठवण्याची टाकी दूर, दुसऱ्या खोलीत असते. कक्षात फक्त नळी येते, त्यामुळे मोटरचा आवाज आणि झोत दोन्ही बाहेर राहतात.

विजेचा मुद्दा का महत्त्वाचा?

भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी लागलेल्या आगीत दहा बाळांचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयातही अशीच दुर्घटना घडली. व्हॅक्यूम क्लीनरशी या घटनांचा संबंध नाही. पण नवजात कक्षात वॉर्मर, व्हेंटिलेटर, पंप असा मोठा विद्युतभार आधीच असतो आणि हवेत प्राणवायूचे प्रमाण वाढलेले असू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. तिथे हजार-दीड हजार वॉटचे यंत्र बाळाच्या उपकरणांच्याच बोर्डावर किंवा एक्स्टेंशन लावून चालवणे धोक्याचे आहे. यंत्रासाठी वेगळा सॉकेट हवा, यूपीएसचा नव्हे. बॅटरीवर चालणारे यंत्र घेतले तर वायरचा अडथळा टळतो, मात्र बॅटरीचे चार्जिंग कक्षाबाहेर, माणसांची ये-जा असलेल्या जागी व्हावे.

निविदेत काय लिहायला हवे?

सरकारी खरेदीत अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी सर्वात कमी दर देणाऱ्याला प्राधान्य मिळते. त्यामुळे अट लिहिलीच नाही तर शांत यंत्र येण्याची शक्यता नाही. पूर्ण ताकदीवरची ध्वनिशक्ती, एच-१३ किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या गाळणीचे चाचणी प्रमाणपत्र, यंत्र हवाबंद असल्याचा पुरावा, बंद होणारी पिशवी, जंतुनाशकाने पुसता येईल असे गुळगुळीत बाह्यांग आणि रबरी चाके या अटी नेमकेपणाने मांडता येतात. पिशव्या आणि गाळण्यांचा तीन वर्षांचा खर्च मूळ किमतीत धरावा. नाहीतर यंत्र स्वस्तात येते आणि पिशव्या संपल्या की तीच पिशवी झटकून पुन्हा लावली जाते.

खरेदीआधी कक्षातच चाचणी घेणे सर्वात उत्तम. रिकाम्या पेटीत, बाळाचे डोके असते तिथे ध्वनिमापक ठेवून यंत्र चालवून पाहावे. मोबाइल अ‍ॅपवर ढोबळ अंदाज येतो, पण खरेदीचा निर्णय घ्यायला तो पुरेसा नाही.

यंत्र आल्यानंतर काय?

चांगले यंत्रही चुकीच्या हाताळणीने वाया जाते. नवजात कक्षाचे यंत्र इतर वॉर्डांत फिरवू नये. पिशवी कक्षाबाहेर, मास्क आणि हातमोजे घालून बदलावी. गाळणी बदलल्याची तारीख यंत्रावरच लिहावी. बाळांच्या विश्रांतीच्या वेळा परिचारिकांनी ठरवायच्या आणि सफाईच्या वेळा त्यानुसार लावायच्या. हे सारे ज्यांच्या हातून घडते त्या मावशी आणि मामा बहुतेक ठिकाणी कंत्राटी असतात, वारंवार बदलतात. त्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद कंत्राटातच नसेल तर सूचनांचा फलक भिंतीवरच राहतो.

अर्थात, कक्षातल्या गोंगाटाला व्हॅक्यूम क्लीनर एकटा जबाबदार नाही. उपकरणांचे अलार्म, मोठ्याने बोलणे, पेटीची दारे आपटणे, तिच्यावर बाटली ठेवणे यांचा वाटा मोठा आहे. केंद्राच्या ‘कायाकल्प’ आणि ‘मुस्कान’ या उपक्रमांत सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेचे आणि बालस्नेही सेवांचे मूल्यमापन होते. फरशी चकचकीत आहे का, हे तपासताना ती चकचकीत करताना बाळापाशी किती आवाज झाला, याचीही नोंद होऊ लागली, तर यंत्राची निवड ‘किरकोळ’ राहणार नाही.