फार्महाऊसवर बोलवा, पण स्वयंपाक सगळ्यांचा असू द्या

कर्जत, मुळशी, पानशेत, वाई, मुरबाड, अलिबाग अशा गावांकडे पुष्कळ मराठी कुटुंबांनी पै-पै साठवून थोडी जागा घेतली आहे आणि तिथे लहानसं घर बांधलं आहे. शनिवार-रविवारी मित्रमंडळींना त्या घरी बोलावण्यात मोठा आनंद आहे. तो तुम्हाला पुरेपूर मिळावा म्हणून हे चार शब्द.

अशा घरांत बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. घरची बाई गुरुवारपासून वाटणघाटणाला लागते, शनिवारी दिवसभर ओट्यापाशी उभी राहते, रविवारी भांडी आवरते आणि सोमवारी दमलेल्या अंगाने कामावर जाते. नाहीतर मग सगळंच बाहेरून मागवलं जातं. शहरात रोज मिळणारी पनीरची भाजी आणि तंदुरी रोटी तिथेही डब्यांतून येते आणि गार होऊन ताटात पडते. पहिल्या प्रकारात घरधनीण पाहुण्यांशी बोलायची राहून जाते. दुसऱ्यात पाहुणे त्या गावाची चवही न घेता परततात.

माझं सांगणं थोडक्यात असं आहे: पदार्थ कमी करा, जिन्नस तिथलेच घ्या आणि आलेल्या प्रत्येकाला काम द्या. या तिन्ही गोष्टी एकत्रच जमतात. पदार्थ कमी असले तरच लोकांना हातभार लावता येतो, आणि जिन्नस ताजे असले तर थोड्या पदार्थांतही मन भरतं.

कामाच्या वाटणीपासून सुरुवात करू, कारण सगळं तिथेच अडतं. चुलीवरचं मटण बहुधा पुरुष करतात आणि त्याचं भरपूर कौतुकही होतं. पण त्या मटणासाठी कांदा-खोबरं भाजणं, वाटण वाटणं, सोबतच्या भाकऱ्या थापणं आणि नंतर ते तेलकट पातेलं घासणं ही कामं बायकांच्या वाट्याला येतात. 'मदत करा' असं मोघम सांगून हे बदलत नाही. म्हणून एक साधा नियम करा: जो पदार्थ घेईल, त्याने त्या पदार्थाचं सगळं घ्यायचं. सामान आणण्यापासून भांडं घासून पालथं घालेपर्यंत. आमटी दोघांची, भात एकाचा, कोशिंबीर आणि पानं वाढणं मुलांचं. बुधवारीच ग्रुपवर नावं घालून टाका. पाहुण्यांना काम सांगायला संकोच वाटतो हे खरं आहे, पण रिकाम्या हातांनी बसून दुसऱ्याची धावपळ बघणं पाहुण्यालाही जड जातं. काम दिलं की त्याला ते घर आपलं वाटायला लागतं.

वेगवेगळे हात रांधणार असतील तर माप लिहिलेलं हवं. एकट्या माणसाचा अंदाज चालून जातो, पाच जणांचे पाच अंदाज जमत नाहीत. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' 1970 साली आलं आणि घरोघरी पोचलं, त्याचं एक कारण हेच की त्यात वाटी-चमच्याचं माप होतं आणि नवखी व्यक्तीसुद्धा त्या आधारावर उभी राहू शकत होती. तसा एक कागद फार्महाऊसच्या स्वयंपाकघरात चिकटवून ठेवा. बारा मोठ्या माणसांचा हिशोब मी देतो: भाकरीही असेल तर तांदूळ पाऊण किलो, आमटीला तूरडाळ अर्धा किलो, हाडांसकट मटण तीन किलो, पिठल्याला बेसन साडेतीन-चार वाट्या. भाकऱ्या माणशी दोन धरल्या तर दोन-सव्वादोन किलो पीठ लागतं.

भाकरीकडे नीट लक्ष द्या. चोवीस भाकऱ्या एका तव्यावर करायच्या तर तासभर तरी तव्यापुढून उठता येत नाही. सगळ्यांना गरम हवी असते, म्हणून करणारी व्यक्ती शेवटी एकटी जेवते. यावर तीन उपाय आहेत. दोन तवे मांडा आणि दर आठ-दहा भाकऱ्यांनंतर माणूस बदला. किंवा एका वेळी भात आणि आमटीवर भागवा, भाकरी दुसऱ्या वेळेला ठेवा. किंवा गावातल्या भाकरी करणाऱ्या मावशींना आदल्या दिवशी सांगा, पीठ-सरपणाचे आणि कष्टाचे पैसे आधी ठरवा आणि भाकऱ्या हातात पडताच चुकते करा. ऐन जेवणाच्या वेळी राखणदाराच्या बायकोला 'जरा वीस-पंचवीस भाकऱ्या टाका' म्हणणं मात्र कृपा करून सोडा. तिच्या घरीही माणसं जेवायची असतात, आणि मालकाला नाही म्हणणं तिला अवघड असतं.

आता जिन्नस. गावचा आठवडी बाजार कुठल्या वारी भरतो ते एकदा विचारून ठेवा आणि शक्य असेल तेव्हा त्या बेताने जा. बेत आधी ठरवून त्याचं सामान शहरातून वाहून नेण्यापेक्षा, बाजारात काय आलंय ते बघून बेत ठरवावा. पावसाळ्यात कर्जत-मुरबाडच्या बाजूला कातकरी-ठाकर बायका टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, शेवळं घेऊन रस्त्याकडेला बसतात. त्यांच्याकडून भाजी घ्या, घासाघीस करू नका आणि कशी करायची तेही त्यांनाच विचारा. शेवळं नुसती शिजवली तर घशाला खाजतात, म्हणून त्यांत काकडाची फळं किंवा चिंच घालतात. रानात स्वतः जाऊन अनोळखी पाला तोडून आणू नका. ओळखीच्या भाजीसारखी दिसणारी प्रत्येक भाजी खाण्याची नसते.

दिवाळीनंतर मावळात नवा इंद्रायणी आणि मुळशीत आंबेमोहर मिळतो. नवा तांदूळ पाणी कमी घेतो, हे भात लावणाऱ्याला सांगून ठेवा, नाहीतर भाताचा गिचका होतो. उन्हाळा लागला की अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्यावर दिसू लागतात. या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि तो इतका गोडसर असतो की कच्चा चिरून भाकरीबरोबर दिला तरी पुरतो. त्याच दिवसांत कैरीचं पन्हं आणि कोवळ्या फणसाची भाजी करता येते. घाटावर थंडीत हुरडा असतो. कोवळी ज्वारीची कणसं आगटीत भाजून, हातावर चोळून, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायची. तो शेतातच, भाजल्या भाजल्या खावा, कारण गार झाला की त्याची मजा जाते.

रायगडकडे घर असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत एकदा तरी पोपटी लावा. दहा-पंधरा माणसांनी मिळून करावा असा याच्याइतका चांगला पदार्थ मला दुसरा माहीत नाही. वालाच्या ताज्या शेंगा धुऊन त्यांना जाडं मीठ आणि ओवा चोळायचा. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर शेंगांचा थर, मग लहान बटाटे, रताळी, अंडी. मांसाहारी मंडळींसाठी मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात गुंडाळून मधोमध. वर पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च दाबून बसवायचा. मडकं पालथं ठेवून भोवती काटक्या, पालापाचोळा, गोवऱ्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही, शेंगा आणि पाल्याच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं. अर्धा-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडून बघा. चुर्र होऊन थेंब तत्काळ उडून गेले की पोपटी झाली असं समजावं. मडकं काठीने बाजूला घ्या, पाला काढा आणि चटईवर ओता. ओव्याचा आणि भांबुर्डीचा असा एकत्र वास येतो की बोलावणं धाडावं लागत नाही. चिकनचे तुकडे लहान ठेवा आणि खाण्याआधी हाडापाशी गुलाबी राहिलेलं नाही ना, ते बघा. शाकाहारी पाहुणे असतील तर त्यांचं मडकं वेगळंच लावा.

वालाचीच दुसरी गोष्ट म्हणजे बिरडं. फार किचकट म्हणून शहरात ते आपण टाळतो, पण फार्महाऊसवर तोच किचकटपणा कामी येतो. गुरुवारी रात्री कडवे वाल भिजत घालायचे, शुक्रवारी फडक्यात बांधून मोड आणायचे आणि शनिवारी सकाळी पडवीत परात मांडायची. कोमट पाण्यातला वाल दोन बोटांत दाबला की डाळिंबी सालीतून निसटून बाहेर येते. हे काम सहा वर्षांच्या मुलाला जमतं आणि सत्तरीच्या आजींनाही. हात गुंतलेले आणि तोंड मोकळं, त्यामुळे जी बोलणी फोनवर कधीच होत नाहीत ती त्या परातीभोवती होतात. मित्रांना बोलावण्याचा हेतू हाच असतो ना? म्हणून माझा आग्रह असा की बेतात निवडायचं, सोलायचं, चोळायचं असं एखादं काम मुद्दाम ठेवाच.

बोलावण्याआधी प्रत्येकाला खाण्याचं विचारा. कोणाची एकादशी किंवा संकष्टी आहे, कोण श्रावण पाळतो, कोणाला कांदा-लसूण चालत नाही, कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कोणाला मधुमेहामुळे वेळेवर जेवावं लागतं. आपल्याकडच्या बहुतेक चटण्यांत दाण्याचं कूट असतं, त्यामुळे ॲलर्जीची चौकशी वरवरची नको. मधुमेहाच्या माणसाला चार वाजेपर्यंत मटण शिजायची वाट बघायला लावू नका. त्याची भाजी-भाकरी वेळेवर वाढून द्या.

तब्येतीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू देऊ नका, कडक उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त नको. दुपारचा भात रात्रीपर्यंत पातेल्यात तसाच ठेवून फोडणी देण्याची सवय पोट बिघडवते. लाइट गेली तर फ्रीजचं दार सारखं उघडू नका. बंद ठेवलेला फ्रीज सुमारे चार तास थंडावा धरतो. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी पिण्यासाठी उकळूनच ठेवा.

विस्तवाशी जपून राहा. माघ-फाल्गुनात गवत वाळलेलं असतं आणि एका ठिणगीने शेजारचं माळरान पेटतं. पोपटी असो वा शेकोटी, भोवतालचं गवत साफ करा, वाऱ्याची दिशा बघा, पाण्याच्या दोन बादल्या जवळ ठेवा आणि झोपण्याआधी निखारे पाणी ओतून विझवा. ज्यांना प्यायची आहे त्यांनी चुलीचं काम घेऊ नये, आणि प्यायल्यावर धरणाच्या किंवा नदीच्या पाण्यात कोणालाही उतरू देऊ नये. यजमान म्हणून तुम्ही हे ठामपणे सांगितलंच पाहिजे, मग कोणी रागावलं तरी चालेल.

आणि गावाचा विचार करा. आपण दोन दिवसांसाठी जातो, तिथली माणसं बारा महिने राहतात. रात्री दहानंतर स्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे, पण कायदा राहू द्या, पहाटे धार काढायला उठणाऱ्या शेजाऱ्याची झोप तरी आपण मोडू नये. थर्माकोलच्या ताटल्या महाराष्ट्रात 2018 पासून बंद आहेत. पळसाच्या पत्रावळी घ्या, त्या खड्ड्यात कुजून जातात. ओला कचरा आवारातच खड्ड्यात पुरा. बाटल्या आणि प्लास्टिक गाडीत घालून शहरात परत आणा, कारण बऱ्याच गावांत ते उचलून न्यायची धड सोय नसते आणि मग ते ओढ्यात जातं. पोपटीचं मडकं, शेंगा, कोंबडी, भाजी, अंडी, दूध हे गावातच विकत घ्या. तुमच्या दोन दिवसांच्या सुट्टीतले चार पैसे गावात राहिले तर गावालाही तुमचं येणं हवंसं वाटेल.

शेवटी यजमानांना एवढीच विनंती. आपल्याकडे आल्यावर लोकांना काहीतरी खास मिळालं पाहिजे, या काळजीने बेत वाढवू नका. पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा, पांढरा कांदा आणि ताक एवढं वाढलंत तरी माणसं तृप्त होऊन उठतील, फक्त ते गरम असावं आणि तुम्ही त्यांच्या पंगतीत बसलेले असावेत. पाहुण्यांनाही सांगणं आहे. मिठाईचा पुडा नाही आणलात तरी चालेल, पण जाताना आपली भांडी घासून, केर काढून, अंथरुणं घडी करून निघा. पुढच्या शनिवारी कोणाला बोलावणार असाल तर आजच चार पदार्थ कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे दोन नावं घाला. त्यांत स्वतःचं नाव एकदाच येऊ द्या.