परतीचं तिकीट

मंडळी, एक मत सध्या फार कानावर पडतं आणि ते मांडणारी माणसं चांगली शिकलेली, कळती आहेत. मत असं: "सरपंच थेट जनतेतून, नगराध्यक्ष थेट जनतेतून, मग हायकोर्टाचा न्यायाधीश का नको? नाहीतरी आतून सगळे कुठल्या ना कुठल्या पक्षाचेच असतात. मग उघड उघड निवडूनच द्या ना!" तीर्थपुरीत हे मी चहाच्या हॉटेलात ऐकलं. आणि टेक्ससला असणाऱ्या माझ्या भाच्याने तेच फोनवर ऐकवलं. "मामा, आमच्याकडे मतपत्रिकेवर न्यायाधीशाच्या नावासमोर पक्षाचं नाव छापलेलं असतं. लपवाछपवी नाही."

भाच्याचं म्हणणं खरं आहे. लपवाछपवी नाही. पण चोरी दिवसाढवळ्या केली म्हणून ती खरेदी होत नाही.

ही चर्चा आपल्याकडे का सुरू झाली ते आधी सांगतो. २०२५ च्या जुलै महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने मुंबई उच्च न्यायालयासाठी ॲडव्होकेट आरती साठे यांच्या नावाची शिफारस केली. त्या २०२३ मध्ये भाजपच्या महाराष्ट्र प्रवक्त्या होत्या. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी ते पद आणि पक्षाचं सदस्यत्व सोडलं होतं. विरोधकांनी आक्षेप घेतला, पक्षाने "राजीनामा कधीच दिलाय" म्हणून सांगितलं, आणि ऑगस्टमध्ये नियुक्ती झाली. त्यांच्या वकिलीबद्दल किंवा निकालांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण प्रवक्तेपद आणि न्यायाधीशाची खुर्ची यांच्यात जेमतेम दीड वर्षाचं अंतर असेल तर समोरच्या पक्षकाराच्या मनात पाल चुकचुकणारच, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.

मग नेहमीप्रमाणे याद्या निघाल्या. एकाने साठ्यांचं नाव घेतलं की दुसरा बहारुल इस्लाम यांचं घेतो. ते काँग्रेसचे राज्यसभा खासदार. १९७२ मध्ये खासदारकी सोडून गौहाटी उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. १९८० मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांना सर्वोच्च न्यायालयात आणलं गेलं. डिसेंबर १९८२ मध्ये ते ज्या पीठावर होते त्याने बिहारचे काँग्रेसचे मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्रा यांच्यावरचा खटला मागे घेणं योग्य ठरवलं, आणि पुढच्याच महिन्यात इस्लाम यांनी राजीनामा दिला. कशासाठी? तर काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभा लढवण्यासाठी! दुसऱ्या बाजूला अभिजित गंगोपाध्याय आहेत. कलकत्ता उच्च न्यायालयाचा राजीनामा ५ मार्च २०२४ ला, भाजपप्रवेश ७ मार्चला. दोन दिवसांत झगा उतरला आणि उपरणं चढलं.

पण याच यादीत आणखी दोन नावं आहेत, आणि ती कुणी घेत नाही. के. एस. हेगडे हेही काँग्रेसचे राज्यसभा खासदार होते. तेच पुढे सर्वोच्च न्यायालयात १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात सरकारच्या विरुद्ध बाजूला उभे राहिले, आणि त्याची शिक्षा म्हणून सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावललं गेलं. व्ही. आर. कृष्णा अय्यर तर १९५७ च्या केरळातल्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री होते. इंदिरा गांधींच्याच काळात ते सर्वोच्च न्यायालयात आले. आणि २४ जून १९७५ ला इंदिराजींना हवी असलेली बिनशर्त स्थगिती त्यांनीच नाकारली. पंतप्रधान राहा, पण लोकसभेत मत देता येणार नाही, असा तो आदेश होता. दुसऱ्या रात्री आणीबाणी आली.

आता या चौघांकडे नीट बघा. हेगडे, अय्यर आणि इस्लाम हे तिघंही राजकारणातूनच आले होते. फरक पडला तो पुढे. माणूस कुठून आला याने नुकसान होतं, पण थोडं होतं. खरं नुकसान होतं ते त्याला कुठे परत जायचंय याने. ज्याच्या खिशात परतीचं तिकीट आहे, त्याचं लक्ष गाडीच्या वेळेकडे असणार. समोरच्या पक्षकाराकडे कसं असेल?

आणि पक्षाच्या चिन्हावर न्यायाधीश निवडायचे म्हणजे दुसरं काय करायचं? तर प्रत्येक न्यायाधीशाच्या खिशात, पहिल्या दिवसापासून, सरकारी खर्चाने परतीचं तिकीट घालायचं.

भाच्याच्या टेक्ससचंच घ्या. तिथे फौजदारी प्रकरणांसाठी राज्याचं वेगळं सर्वोच्च न्यायालय आहे. नऊ न्यायाधीश, सहा वर्षांची मुदत, पक्षाच्या तिकिटावर राज्यभर निवडणूक. गेली कित्येक वर्षं नऊच्या नऊ रिपब्लिकन आहेत. म्हणजे खरी लढत पक्षांतर्गत निवडणुकीतच होते. डिसेंबर २०२१ मध्ये या न्यायालयाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला की, राज्याच्या ॲटर्नी जनरलला निवडणूक गुन्ह्यांचे खटले स्वतःच्या मर्जीने चालवता येणार नाहीत. ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन हेही रिपब्लिकन, म्हणजे निकाल आपल्याच पक्षाच्या नेत्याविरुद्ध. पॅक्स्टन यांनी या न्यायाधीशांना पाडा म्हणून उघड प्रचार केला. मार्च २०२४ मध्ये आठांपैकी तिघींची पाळी आली आणि तिघीही पडल्या.

त्यात मुख्य न्यायाधीश शॅरन केलरही होत्या. यांची आधीची गोष्ट ऐका. २५ सप्टेंबर २००७ ला एका कैद्याला त्याच रात्री फाशीची शिक्षा द्यायची होती. त्याच सकाळी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने विषाच्या इंजेक्शनबद्दलचं प्रकरण ऐकायला घेतलं होतं. त्याच्या वकिलांनी विचारलं, अर्ज थोडा उशिरा चालेल का? उत्तर मिळालं, कार्यालय पाचला बंद होतं. त्या रात्री शिक्षा अंमलात आली. जगभर बोंब झाली. आणि मतदारांनी काय केलं? २०१२ मध्ये केलर निवडून आल्या. २०१८ मध्येही निवडून आल्या. मरणाऱ्या माणसाच्या तोंडावर दार बंद झालं त्याची शिक्षा मतपेटीने दिली नाही. एका पुढाऱ्याच्या अधिकाराला मर्यादा घातली त्याची मात्र दिली.

यात टेक्ससचे लोक वाईट आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. निवडणूक हे यंत्रच असं आहे. कैद्याला मतं नसतात, पुढाऱ्याला असतात.

कुणी म्हणेल, टेक्सस एक अपवाद. बरं, मेक्सिको घ्या. तिथे १ जून २०२५ ला देशभर न्यायाधीशांची निवडणूक घेतली, सुप्रीम कोर्टासकट. मतदान झालं सुमारे १३ टक्के. आणि कुणाला मत द्यायचं हे लिहिलेल्या घडीच्या चिठ्ठ्या वाटल्याच्या बातम्या आल्या. आपल्याकडच्या पॅनलच्या निवडणुका ज्यांनी पाहिल्यात त्यांना त्या चिठ्ठीचं वर्णन करून सांगायला नको.

आता आपल्या घरचं उदाहरण. २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला, बलात्कारही झाला. लोक संतापले होते, आणि संताप रास्त होता. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. खालच्या कोर्टाने सहांनाही फाशी सुनावली. हायकोर्टाने तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाच्या सहा जणांना फाशी दिली. आणि मग ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारात सगळ्यांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी बाईने पोलिसांच्या फोटोंमधून वेगळीच माणसं ओळखली होती, त्यांचा तपासच झाला नव्हता. सहांपैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षं गेली. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई!

ही आपल्या न्यायव्यवस्थेची शोभा नाही, हे मलाही कळतं. नेमलेले न्यायाधीशही तीनदा चुकले. पण चौथ्यांदा "आम्ही चुकलो" असं म्हणू शकले, ते कुणाच्या जोरावर? या सहा जणांकडे पैसा नव्हता, गाव नव्हतं, मतं नव्हती. २०१९ च्या मार्चमध्ये, लोकसभेच्या तोंडावर, मतं मागत फिरणाऱ्या न्यायाधीशाने हा निकाल दिला असता का? विरोधी उमेदवाराचा फ्लेक्स मला इथून दिसतो: "बलात्काऱ्यांना सोडणारे साहेब पाहिजेत का?"

आणि हे सगळं मी तीर्थपुरीत बसून का लिहितोय? कारण या जिल्ह्याने गेल्या काही वर्षांत काय पाहिलंय ते तुम्हाला माहीत आहे. २०२३ मध्ये शेजारच्या अंबड तालुक्यात अंतरवाली सराटीचं मराठा आरक्षणाचं उपोषण, १ सप्टेंबरचा लाठीमार. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याच तालुक्यात वडीगोद्रीला ओबीसींचं उपोषण. वर्षानुवर्षं एका पंगतीत जेवलेली माणसं दुकान कुणाचं ते बघून खरेदी करायला लागली. दोन्हीकडच्या पोरांवर गुन्हे दाखल झाले. उद्या यातलं एखादं अपील जालन्याच्या सत्र न्यायालयातून संभाजीनगरच्या खंडपीठात गेलं, आणि तिथला न्यायाधीश एका समाजाच्या मतांवर निवडून आलेला असला, तर दुसऱ्या समाजाच्या पोराच्या आईने कुणाकडे बघायचं? आज ती म्हणते, "कोर्टात बघू." हे दोन शब्द आहेत म्हणून गावात कुऱ्हाडी कोनाड्यात आहेत. ते दोन शब्द मतपेटीत टाकू नका.

मग कॉलेजियम बरं का? अजिबात नाही. बंद खोलीत न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायचे, आणि का निवडलं, का गाळलं हे धड सांगायचंही नाही, हे मला पटत नाही. २०१५ मध्ये न्यायिक नियुक्ती आयोगाचा कायदा रद्द झाला, त्यानंतर दुरुस्ती करू म्हणता म्हणता वर्षं उलटली. पण खोली बंद आहे तर खिडक्या उघडा, घर विकून मैदानात झोपू नका.

मला तीन गोष्टी हव्यात. पक्षाचं पद सोडल्यावर किमान पाच वर्षं न्यायाधीशपद नको. न्यायाधीशपद सोडल्यावर किमान पाच वर्षं पक्षाची उमेदवारी, राज्यसभा, राज्यपालपद काही नको. मग ते २०२० मध्ये, निवृत्तीनंतर चार महिन्यांत राज्यसभेवर गेलेल्या माजी सरन्यायाधीश गोगोईंसारखे मोठे असोत की कुणी लहान. आणि प्रत्येक निवडीची कारणं लेखी, सगळ्यांना वाचता येतील अशी हवीत. यातल्या पहिल्या दोन अटींनी आजच्या सत्ताधाऱ्यांची आणि कालच्या सत्ताधाऱ्यांची सारखीच अडचण होईल. म्हणूनच त्या बऱ्या आहेत, आणि म्हणूनच दोघंही त्या मागत नाहीत.

अशा वादात कुणीतरी रामशास्त्र्यांचं नाव घेतंच. नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना दोषी ठरवणारे रामशास्त्री. पण ती गोष्ट खरं बोलून पद सोडून जाण्याची आहे. आपल्या घटनेने न्यायाधीशाला पक्की मुदत दिली, पगार दिला, सहज काढता येणार नाही अशी सोय केली, ती एवढ्यासाठी की खरं बोलायला दर वेळी पद सोडावं लागू नये. ती सोय आपणच मोडायला निघालो आहोत, आणि तिला लोकशाही म्हणतोय.

भाचेबुवा, तू हे वाचशीलच. पुढच्या वेळी मतपत्रिका हातात आली की एवढंच बघ, त्यातल्या किती न्यायाधीशांनी दिलेला एक तरी निकाल तुला माहीत आहे. मग मला फोन कर, भांडू.